वरच्या गच्च्यांचं पाणी

२ मार्च २०२५

सकाळी सहालाच फोन. काल संध्याकाळी अवकाळी आला, गारांसकट — आणि तेलघाणी गल्लीतलं चेंबर उसळलं. पुन्हा!

डिसेंबरात नवी मेन लाईन सुरू केली तेव्हा मी स्वतः माइकवर म्हटलं होतं, "आता या गल्लीत सांडपाणी वर येणार नाही." साडेतीन वर्षं या भुयारी गटार योजनेची प्रमुख आहे मी. हे एक वाक्य म्हणायचीच वाट पाहत होते. अडीच महिने टिकलं ते.

गेले तेव्हा लोक झाडू घेऊन पाणी ढकलत होते. गल्ली उताराची, सगळ्यात खालचं घर अनुसयाबाईंचं. किरायाच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत तिखट कुटायची मशीन. मार्च-एप्रिल म्हणजे त्यांचा सुगीचा काळ, वर्षाचं तिखट लोक आत्ताच कुटून घेतात. जमिनीवर मिरच्यांच्या पिशव्या होत्या. त्यात ते पाणी शिरलेलं.

"पाहा न मॅडम. लोकाच्या मिरच्या हायेत ह्या. आता मी कोनाले काय सांगू?"

ओरडल्या नाहीत. ओल्या पिशव्या एकीकडे, कोरड्या दुसरीकडे करत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

भिंतीवर गुडघाभर उंचीवर जुन्या मळकट रेघा आहेत. आज त्यांच्या खाली एक नवी.

३ मार्च

आज भांडले. चांगलंच भांडले.

लाईन तुंबली असेल म्हणून जेटिंग मशीन नेली, पाण्याच्या जोरदार माऱ्यानं लाईन मोकळी करते ती. गल्लीतला एक पुढारी तिथे उभा. म्हणे, "मशीनीनं काय होते? मानूस उतरवा खाली. पहिले काऊन जमत होतं?"

आणि नत्थूजींनी खरंच शर्टाच्या गुंड्या सोडायला सुरुवात केली! नत्थूजी आता मशीन चालवतात, पण त्याआधी वीस वर्षं चेंबरात उतरायचे. "म्याडम, धा मिनटाचं काम हाये. पाहून येतो."

मी झाकणावर उभी राहिले. शब्दशः. म्हटलं, माणूस उतरणार नाही, आज नाही, कधीच नाही. कायदा सांगितला, तोही मोठ्या आवाजात. पुढारी म्हणाला, "मॅडमचा आवाज लाईनीपेक्षा मोठा हाये." लोक हसले. हसू देत.

मशीन लावली. लाईन साफ. कुठेच तुंबलेलं नाही. मग पाणी आलं कसं?

५ मार्च

नत्थूजी आज ऑफिसात आले. नालवाडीहून सायकलवर, ड्यूटी नसताना. खुर्चीवर बसले नाहीत, दाराशीच उभे.

"एक सांगू का म्याडम? हासू नका."

"सांगा न."

"तो वास नवता. मले त्या वासाची वळख हाये. तीन हिस्से पावसाचं पानी होतं ते, एक हिस्सा आपलं. पानी पातळ होतं. पाऊस लाईनीत शिरून राह्यला कुठून तरी."

त्यांना बळेच बसवलं. चहा मागवला. मी एवढी शिकलेली, नकाशे पाहत बसले. आणि या माणसानं नाकानं सांगितलं.

८ मार्च

पण आधी माझी स्वतःची भीती निस्तरायची होती. लाईनीच्या उताराचे आकडे मीच मंजूर केले होते. रात्रंदिवस एकच — उतार चुकला असेल तर? तो चुकला असेल तर गल्ली पुन्हा खोदावी लागेल, आणि चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझी.

तीन दिवस रुचिकाला घेऊन एकेक चेंबर उघडून मोजलं. रुचिका आमच्याकडची कनिष्ठ अभियंता, दोन वर्षांपूर्वी लागली. मी आकडा विचारायची, ती वाचायची, मी नकाशाशी पडताळायची. शेवटच्या चेंबरशी ती म्हणाली, "बरोबर आहे मॅडम. सगळं बरोबर आहे. बसा आता."

फूटपाथवरच बसले. शेजारच्या टपरीवरून दोन सांबारवड्या आणल्या तिनं. गरम, कोथिंबिरीनं भरलेल्या. आयुष्यात एवढी चांगली सांबारवडी खाल्ली नाही.

११ मार्च

पाऊस कुठून शिरतो ते शोधायचा एक मार्ग आहे — धूर. पुण्याच्या प्रशिक्षणात पाहिला होता एकदा. चेंबरवर पंखा बसवायचा, धुराची कांडी पेटवायची, धूर लाईनीत ढकलायचा. संडास-न्हाणीच्या वाकड्या नळीत साचलेल्या पाण्याचं बूच असतं, तिथून धूर घरात येत नाही. पण कुणी गच्चीचा पावसाचा पाइप थेट आपल्या चेंबरात सोडला असेल तर त्याला बूच नाही. धूर सरळ गच्चीवर!

तेलघाणी गल्लीच्या वरच्या अंगाला आमची वसाहत, गजानन ले-आऊट. चौऱ्याण्णव घरं. सगळ्यांचं पाणी खाली गल्लीच्या लाईनीतूनच जातं. तिथूनच सुरुवात करायची.

जेवताना बाबूजींना — सासऱ्यांना — सांगितलं. एकोणऐंशी वर्षांचे, चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलेलं. पाइप म्हटलं की कान टवकारतात. आज मात्र "भाजीत मीठ कमी हाये," एवढंच. नव्हतं कमी.

१४ मार्च

धुळवड. सुटी. कोणाचाच फोन नाही. पुरणाच्या पोळ्या दोन जास्त खाल्ल्या आणि दुपारभर झोपले.

१९ मार्च

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

काल दिवसभर ऑटोतून पुकारा केला होता: "धूर दिसेल, आग नाही, घाबरू नका." तरी सकाळी आठला पंखा सुरू केल्यावर अर्धा ले-आऊट रस्त्यावर. पोट्टे तर शाळा सोडून आल्यासारखे. नत्थूजींनी कांडी पेटवली. एक मिनिट काहीच नाही. मग कोपऱ्यावरच्या पिवळ्या घराच्या गच्चीतून पांढरा धूर — हळू, चहाच्या वाफेसारखा. लोक ओरडले, "निंघाला! निंघाला!" मग शेजारच्या घरातून. मग समोरच्या. बघता बघता ओळच्या ओळ! कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी आपल्याच गच्चीकडे पाहून तोंड लपवत होतं. रुचिका नकाशावर लाल ठिपके देत धावत होती.

आणि मग आमचं घर.

गच्चीवर बाबूजी उभे होते. वाळत घातलेल्या मूगवड्या राखायला गेले असतील. त्यांच्या पायापाशी पाइपाच्या तोंडातून धूर येत होता. ते हलले नाहीत. खाली सगळा ले-आऊट वर पाहतोय, योजनेच्या मॅडमचं घर!

रुचिकाचं पेन थांबलं. हळूच म्हणाली, "मॅडम, हे...?"

"लिही."

चौऱ्याण्णवपैकी एकसष्ट घरं. एका गच्चीवरून तासाभराच्या जोराच्या पावसात जेवढं पाणी उतरतं, तेवढं सांडपाणी ते घर आठवडाभरात सोडत नाही. अशा एकसष्ट गच्च्या, आणि खाली एक अनुसयाबाई.

कारण सापडलं म्हणून आनंदानं नाचावंसं वाटत होतं. आणि घरी कोणत्या तोंडानं जायचं, तेही कळत नव्हतं.

२० मार्च

काल बाबूजी जेवले नाहीत. आज सकाळी मी डबा भरत होते तर स्वयंपाकघरात आले. स्टुलावर बसले.

"तुया त्या पोरीनं नकाशा बनवला म्हन्ते. दाखव."

दाखवला. चष्मा लावून एकेक ठिपका पाहिला. बोट ठेवून नावं घेऊ लागले. "हे कुकडे मास्तर. हे बोबडे. हे आपले रूपराव, वारले बिचारे. हे... हेही माहंच गिऱ्हाईक."

मला कळेना.

"मोहिनी, हे सगळे पाइप माह्या दुकानातून गेले. आनि नुसते पाइप नाई. लोक विचारे, बबनराव, गच्चीचं पानी कुठं सोडू? मी म्हनो, आंगनात चिखल कायले करता, चेंबरात सोडून द्या, झंझट खतम. फुकटचा सल्ला. लोक खूश. आपल्याही घरी तेच केलं." चष्मा पुसत, "तवा कोनी चूक म्हनत नवतं."

"नव्हतंच म्हणत, बाबूजी. तेव्हा ही नवी लाईनच नव्हती."

"तू मले समजावू नको." मग नकाशाच्या खालच्या टोकावर बोट ठेवून: "खालच्या त्या बाईच्या घरात किती पानी येते?"

मी हातानं गुडघा दाखवला.

२२ मार्च

शनिवार. बाबूजी म्हणाले, मले तिथं ने. प्रफुल घरी होता, तो म्हणाला, उन्हात कशाला नेतेस त्यांना. (प्रफुल म्हणजे माझा नवरा, सेलूला शाळेत शिकवतो, आणि घरात कोणतंही भांडण व्हायच्या आधीच मिटवायचा प्रयत्न करतो.) पण बाबूजी चपला घालून तयार.

अनुसयाबाईंनी त्यांना लगेच ओळखलं. "येजा, येजा काकाजी! हार्डवेअरवाले न तुमी? माह्या मालकानं तुमच्याच दुकानातून कुलूप आनलं होतं."

प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. मशीन चालू होती, खोलीभर तिखटाचा ठसका. बाबूजींच्या डोळ्यांतून पाणी. तिखटाचंच असेल. ते भिंतीवरच्या रेघांकडे पाहत होते.

"बाई, हे पानी तुमच्या घरात माह्यामुळं येते."

अनुसयाबाईंनी मशीन बंद केली. "काय म्हन्ता?"

बाबूजींनी सगळं सांगितलं. दुकान, सल्ला, एकसष्ट घरं. काही गाळलं नाही. मी बाजूला उभी.

अनुसयाबाईंनी मशीनवरचं तिखट फडक्यानं झटकलं. मग म्हणाल्या, "अठरा वर्स झाले काकाजी इथं राह्यते मी. दर पावसात वाटे, देवाचंच काही चुकलं असन का माहं. आता समजलं त बरं वाटलं. देवाचं नाई, पाइपाचं हाये." आणि हसल्या. "पाइप त काढता येते न?"

"येते," बाबूजी म्हणाले. "काढतो."

परत येताना रस्त्यात एकदाच बोलले — "बाई चांगली हाये."

२६ मार्च

आमचा पाइप कापला! पहिला मान आमचा. मिस्त्री आला होता, पण करवत बाबूजींनीच हातात घेतली. दोन मिनिटं चालवली, दम लागला, मग मिस्त्रीला दिली.

मागच्या अंगणातली विहीर बारा वर्षांपासून झाकून ठेवलीय. उन्हाळ्यात तळ दिसतो तिचा. गच्चीचं पाणी आता गिट्टी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून त्या विहिरीत. प्रफुलनं गिट्टीची घमेली वाहिली. घमेल्यामागे एकेक सुस्कारा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. संध्याकाळी पाठीला बाम मीच लावला. खूश होता तरी.

३ एप्रिल

नोटिसा मागच्या आठवड्यात गेल्या. सात दिवसांत नोटीस घेतली एकसष्टपैकी एकसष्ट लोकांनी, पाइप कापला चौघांनी. ही आमची गती.

११ एप्रिल

मागच्या आठवड्यात बाबूजींनी नोटिशीचा कागद उलटसुलट पाहिला. "हे काय भाषा हाये? 'सदर अनधिकृत जोडणी'... लोक घाबरून जाईन नाई त हसन. दे मले यादी."

आता ते रोज संध्याकाळी पाचनंतर निघतात. टोपी, छत्री, पिशवीत जुना पाइपपाना. पाना कशाला, विचारलं. "लोकाले वाटलं पायजे, मी काम करायले आलो, भाषन द्यायले नाई."

आठवड्याचा हिशेब नत्थूजीच देतात, तेही आता बाबूजींसोबत असतात. "म्याडम, काकाजी नुसते जाते, बसते, आनि म्हन्ते, मीच चुकीचं सांगतलं होतं, आता बरोबर सांगून राह्यलो. मानूस काय बोलन त्याच्यावर?"

१७ एप्रिल

सदतीस झाले.

२३ एप्रिल

सगळे होतील, पण प्रभाकरराव होणार नाहीत. निवृत्त प्राध्यापक, ले-आऊटच्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्या मागे दहा-बारा घरं अडून. आज मी स्वतः गेले.

"मॅडम, घर माझं, गच्ची माझी, पाइप माझा. त्यातून पडणारं पाणी देवाचं. तुमचा संबंध कुठे येतो?"

"खालच्या चेंबराशी येतो, सर."

"मग खालचं चेंबर मोठं करा! योजना तुमची आहे."

मी आकडे मांडले, ते खोडत गेले. हुशार माणूस. शेवटी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात समितीत ठेवतो विषय." म्हणजे ठेवणार नाहीत.

घरी येऊन चिडचिड केली. बाबूजी शांत. "तो मानूस बोलून हारत नसते. त्याच्याशी बोलूच नोको."

२९ एप्रिल

हे मी पाहिलं नाही, नत्थूजींकडून कळलं.

बाबूजी सलग चार संध्याकाळी प्रभाकररावांच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, जाऊन बसले. पाइपाचं नावही नाही. कापसाचा भाव, गुडघेदुखी, कोणाचा मुलगा कुठे लागला. चौथ्या दिवशी उठताना म्हणाले, "चला न सर, जरा पाय मोकळे करू. माहं तिखट कुटायले दिलं हाये, घेऊन येऊ."

अनुसयाबाईंकडे नेलं! तिखट बांधून होईपर्यंत प्रभाकरराव खोलीत उभे. भिंतीकडे पाहिलं. विचारलं, "हे काय?"

अनुसयाबाई सहज म्हणाल्या, "हे मोठं पानी आलतं त्या सालचं. हे त्याच्या पुढच्या सालचं. हे आता मार्चातलं, ताजं हाये. त्या कोपऱ्यात माही सासू झोपे, आजारी होती, तिले खाटेसकट वर घ्या लागे."

बाबूजींनी तिखटाची पिशवी नत्थूजींच्या हाती दिली. ले-आऊटच्या फाटकाशी प्रभाकरराव थांबले. "बबनराव, तुमचा मिस्त्री कोणता?"

नत्थूजी हे सांगताना इतके हसत होते की चहा सांडला.

१२ मे

सेहेचाळीस डिग्री. पण एकसष्टपैकी एकसष्ट! प्रभाकररावांनी तर समितीच्या फलकावर स्वतःच्या अक्षरात यादी लावली, पहिलं नाव स्वतःचं. बाबूजी म्हणतात, लावू दे, त्याले तेवढं सुख पायजे.

१९ मे

शुद्धीकरण केंद्रावर गेले. कामानिमित्त असं काही नव्हतं, सहज. आधी जिथून काळं पाणी नाल्यात पडायचं तिथे आता स्वच्छ धार पडते. काठावर पाच बगळे. मागच्या वर्षी एकही नव्हता.

नाल्याकाठी एकाचं वांग्याचं वावर आहे, तो कुंपणाशी आला. "बाई, हे पानी आमाले मिळन का उन्हाळ्यात?" म्हटलं, अर्ज करा, मी बघते. अर्ध्या तासानं पिशवीभर वांगी घेऊन आला. नको म्हटलं तर रागावला. रात्री भरली वांगी झाली. बाबूजींनी दोनदा मागून घेतली.

७ जून

विहिरीचं झाकण काढून पाहिलं बाबूजींनी. "कोरडी." म्हटलं, बाबूजी, पाऊस तर येऊ द्या! "पाहून ठेवा लागते, मंग किती वाढलं ते समजन कसं?"

२१ जून

दोन-तीन सरी झाल्या. गल्ली कोरडी. पण सरींनी कधीच काही व्हायचं नाही. खरी परीक्षा अजून आहे. झोप नीट लागत नाही. रुचिका म्हणते मॅडम, तुम्ही ढग पाहिला की जेवण सोडता.

८ जुलै

आली परीक्षा!

पहाटेपासून कोसळत होता. नऊ वाजता शाळांना सुटी जाहीर झाली, मी तेलघाणी गल्लीकडे निघाले. नत्थूजी आधीच तिथे, गोणपाटाची खोळ डोक्यावर. अनुसयाबाईंच्या दारासमोरचं चेंबर आम्ही उघडलं, भोवती कठडा लावला. आत लोखंडी पायऱ्या, अकरा. खालून पाणी चढताना दिसत होतं.

नत्थूजी मोजत होते. "दुसरी बुडाली... तिसरी..."

रुचिका पंपिंग स्टेशनवर. तिचा फोन: "मॅडम, तिन्ही पंप चालू. लाईट गेली तर जनरेटरवर घेते."

"चवथी."

गल्लीतली माणसं दारात. अनुसयाबाईंनी पिशव्या खाटेवर चढवून ठेवल्या होत्या, अठरा वर्षांची सवय. मशीन विटांवर. मला ते पाहवेना.

"पाचवी. म्याडम, पाचवी बुडाली."

मार्चमध्ये एवढ्या वेळात पाणी दारात होतं, आणि मार्चचा पाऊस आजच्या निम्माही नव्हता. मी घड्याळ पाहत होते. पाऊस थांबायचं नाव नाही. सहावी पायरी अर्धी पाण्यात. तिथे पाणी हिंदकळत राहिलं. दहा मिनिटं. पंधरा. नत्थूजी पोटावर आडवे झाले, तोंड चेंबराशी नेऊन वास घेतला.

"आपलंच हाये, सकाळच्या आंघोळी-धुन्याचं. पावसाचं नाई यात."

आणि मग, पाऊस तसाच पडत असताना, सहावी पायरी हळूच पूर्ण वर आली. पाचवीही दिसू लागली!

नत्थूजी उठले, अंगभर चिखल. माझ्याकडे पाहिलं. मी रडले. सगळ्यांसमोर, छत्री हातात धरून. काय वाटलं असेल लोकांना! अनुसयाबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं. "पुरे न आता बाई. चहा घेता का?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी छत्री घेऊन बाबूजी! एवढ्या पावसात, चालत. मागे प्रभाकरराव, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. बाबूजींनी आधी दारात पाहिलं, मग आत जमिनीवर, मग भिंतीवर. जमीन कोरडी.

"बसा काकाजी," अनुसयाबाई म्हणाल्या.

बसले. सगळ्यांनी चहा घेतला. खाटेवर मिरच्या, खाली आम्ही. पाऊस दुपारी दोनला थांबला.

९ जुलै

दहा तास झोपले.

विहिरीत चार हात पाणी. बाबूजींनी दोरी टाकून तीनदा मोजलं.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. तेलघाणी गल्लीतल्या पोरांनी लाकडी नंदीबैल सजवले होते. कोणाचा हातभर, कोणाचा बोटभर. गल्लीच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत मिरवणूक काढली. दरवर्षी ती वरच्या चौकातच थांबायची, खाली चिखल असायचा. यंदा अनुसयाबाईंच्या दारापर्यंत आली.

बक्षिसं द्यायला बाबूजी. नवा शर्ट. सगळ्यांना पहिला नंबर दिला, परीक्षकांचं ऐकलंच नाही. अनुसयाबाईंनी प्रत्येक बैलाला कुंकू लावलं, प्रत्येक पोराच्या हातावर खाऊ ठेवला. गडबडीत नत्थूजींनाही खाऊ दिला. त्यांनी घेतला.

फार छान दिवस.

१५ सप्टेंबर

नागपूरहून वरिष्ठ आले होते पाहणीला. सगळी गल्ली दाखवली. धुराची पद्धत दुसऱ्या दोन शहरांत वापरायची म्हणतात, अहवाल मागितला. मी पहिल्या परिच्छेदात लिहिलं, की पावसाचं पाणी वासावरून ओळखणारा माणूस आमच्याकडे होता म्हणून हे जमलं. नाव लिहिलं: नत्थू. रुचिका म्हणाली, मॅडम, अहवालात असं लिहितात? म्हटलं, आता लिहिलं.

गल्ली पाहुण्यांना आवडली. मलाही. दोन घरांना नवा रंग लागलाय. एका घरावर वरचा मजला चढतोय.

२६ सप्टेंबर

प्रफुलनं विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू जेवताना फोन उलटा ठेवतेस, आवाजही बंद, काय झालं? काही झालं नाही. तेच तर झालं.

६ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर आज पहिल्यांदा गल्लीत गेले. अनुसयाबाईंच्या दारात टेम्पो. घरमालकानं घर विकलं. महिनाभरापूर्वीच खाली करायला सांगितलं होतं, त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. आंजीला भावाकडे चालल्या.

मी म्हटलं, असं अचानक का विकलं?

"अठरा वर्स कोनी घेत नवतं न बाई. आता पानी येत नाई, तवा गिऱ्हाईक आलं." माझ्या तोंडाकडे पाहून घाईनं म्हणाल्या, "तुमी वाईट वाटून नका घेऊ. काम चांगलंच झालं."

मशीन तेवढी चढवायची राहिली होती. मी एका बाजूनं हात लावला. फार जड होती.